लुडविग्सहाफेनचं प्रचार-कार्यालय

४ एप्रिल २००५, सोमवार

आजपासून ऊर्मिलाच्या निवडणुकीचं काम मी हाती घेतलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. वेळ आली की सांगीन.

नोंद म्हणून लिहून ठेवते. ऊर्मिला माझी धाकटी बहीण, वय अठ्ठावन्न, टेक्ससमधल्या एका अवाढव्य शहराच्या मेयरपदासाठी उभी आहे. तिथल्या लायब्ररीच्या एका शाखेत तिने सव्वीस वर्षं नोकरी केली. ती शाखा आता बंद करायची असं कौन्सिलने ठरवलं. ही तक्रार करायला गेली, तर तीन मिनिटं बोलू दिलं आणि घंटा वाजवली. बाईसाहेब रागाने घरी जायच्या ऐवजी शेजारच्या खिडकीवर गेल्या आणि मेयरचा अर्ज घेऊन आल्या. लहानपणी रुसली की माडीवर जाऊन बसायची. माडीवर अर्ज मिळत नसत, म्हणून आमचं बालपण सुखात गेलं.

मतदान सात मेला. तेहेतीस दिवस आहेत.

दुसरी गोष्ट. कोथरूडला आमचा फ्लॅट तयार होत आला आहे. डिसेंबरात मी आणि हे जर्मनीतलं लुडविग्सहाफेन सोडून कायमचे पुण्याला जाणार. शेजारचा फ्लॅट बिल्डर नागेश यांनी ऊर्मिलासाठी पंधरा मेपर्यंत धरून ठेवला आहे. तिचे यजमान विलासराव जाऊन दोन वर्षं झाली, ती एकटी त्या घरात काय करते? विचारलं की म्हणते, ताई, निवडणूक होऊ दे, मग सांगते. याचा अर्थ सरळ आहे. जिंकली तर तिथेच राहील, हरली तर पुण्याला येईल. मला दोन्ही चालेल. ती जिंकावी म्हणून मी जिवाचं रान करणार आहे.

दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे. हाक मारली तर ऐकू जाईल.

५ एप्रिल, मंगळवार

ऊर्मिलाला फोनवर विचारलं, पक्ष कुठला. म्हणाली, पक्षच नाही, शहराची निवडणूक नॉनपार्टिझन असते, मतपत्रिकेवर नुसती नावं. मग चिन्ह? चिन्हही नाही. अकरा उमेदवार, नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून, हिचं नाव नववं. अगं, मग लोक मत देतात कशाच्या जोरावर? म्हणाली, वाचून आणि ऐकून. हे मला जरा धोक्याचं वाटतं.

यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तूही नॉनपार्टिझनच की. ती जिंकली तरी तू खूश, हरली तरी तू खूश. रिटायर झाल्यापासून यांचे विनोद वाढले आहेत. फॅक्टरीत चौतीस वर्षं केमिस्ट होते तेव्हा एकही केला नव्हता.

७ एप्रिल, गुरुवार

ऊर्मिलाने इ-मेलने चारशे बारा जणांची यादी पाठवली. लायब्ररीच्या आसपासचे लोक. त्यांना पत्रकं पाठवायची आहेत, तर नावांचं स्पेलिंग एकदा तपासून दे, तू कॉन्व्हेंटची, म्हणाली. ती स्वतः त्याच कॉन्व्हेंटची, पण आठवीत मराठी शाळेत गेली.

नावांपुढे टेलिफोन नंबर आहेत. स्पेलिंग तपासायला टेलिफोन नंबर लागत नाही. ऊर्मिलाला स्पष्ट मागायची सवय नाही, मी ओळखलं.

९ एप्रिल, शनिवार. पाडवा.

बाल्कनीत गुढी उभारली. खालच्या फ्राउ केसलर वर आल्या. हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे इमारतीच्या नियमांप्रमाणे, बाल्कनीच्या दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला मनाई आहे, म्हणाल्या. मी सांगितलं, ते कपडे नाहीत, नवीन वर्ष आहे. आख् सो, म्हणाल्या, आणि ते वाळायला किती वेळ लागतो?

संकल्प: (१) रोज चार ते सात फोन. तेव्हा तिथे सकाळचे नऊ ते बारा. तरुण माणसं कामावर, म्हातारी घरी, आणि मत म्हातारीच देतात. (२) साखर बंद. (३) यांच्या विनोदांना उत्तर द्यायचं नाही.

११ एप्रिल, सोमवार, संध्याकाळी साडेसात

पहिला दिवस. एकवीस फोन.

सुरुवात अशी ठेवली आहे: गुड मॉर्निंग, आय ट्रस्ट आय फाइंड यू इन गुड हेल्थ. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, टेलिफोनवर तुमचा चेहरा म्हणजे तुमचे व्हॉवेल्स. वर्गाच्या मागे उभं राहून त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि आमच्यातल्या एखादीचा ‘ओ’ चपटा आला की पट्टी टेबलावर वाजायची. इतक्या वर्षांनी त्या पट्टीचं चीज होतं आहे. अमेरिकन माणसाला असं इंग्लिश आता घरी ऐकायलाच मिळत नसणार.

एकवीसपैकी चौदा जणांनी पहिल्या वाक्यालाच फोन ठेवला. कामात असतील. एका बाईंनी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय. मी परदेशातून म्हटलं. त्या ‘आय न्यू इट’ म्हणाल्या. ऊर्मिलाची कीर्ती पसरलेली दिसते.

साखर उद्यापासून.

१३ एप्रिल, बुधवार

कामाला वेग आला आहे. एका गृहस्थांनी फोन उचलताच सांगितलं की तीन दिवस त्यांचा प्रिंटर चालत नाही, आणि एवढा उशीर का केलात. मी दिलगिरी व्यक्त केली. बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. सुरू झाला. ते म्हणाले, तुमच्या कंपनीत तुम्ही पहिल्याच आहात की ज्यांचं बोलणं समजलं. ऊर्मिलाचं नाव लिहून घ्यायला लावलं. मत पक्कं.

दुसऱ्या एकांचं विमानाचं तिकीट बदलून हवं होतं. ते जमलं नाही, पण सहानुभूती दाखवली. अर्धं मत धरलं.

‘डू नॉट कॉल’ लिस्टमध्ये घाला असं सांगणारे आजपर्यंत सव्वीस. त्यांच्यासाठी वेगळी वही केली आहे. पुन्हा फोन करायची गरज नाही, म्हणजे यांचं मत ठरलेलं आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

मिस्टर हेन्स्ली. वय ब्याऐंशी, पत्नी गेलेल्या, कुत्रा आहे. पन्नास मिनिटं बोलले. तुमच्याकडे बंगलोरला हवा कशी आहे, विचारलं. मी म्हटलं, मी लुडविग्सहाफेनला असते. ते बंगलोरपासून किती लांब, म्हणाले. बरंच, म्हटलं. उद्याही फोन करा म्हणाले. मत त्यांच्या जुन्या गावाला आहे, ऊर्मिलाच्या शहरात नाही, हे अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला कळलं. तरीही उद्या करणार आहे. माणूस एकटा आहे.

१६ एप्रिल, शनिवार

हे सकाळपासून श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे रेल्वेपलीकडे भाड्याने घेतलेल्या आमच्या बागेच्या तुकड्यात. श्पार्गेल ही इथली कोंबांची भाजी लावत होते. मी डबा घेऊन गेले, तर हात कोपरापर्यंत मातीत. पहिलं पीक किती दिवसांनी, विचारलं. तीन वर्षांनी, म्हणाले. मी म्हटलं, अहो, आपण डिसेंबरात जाणार. जा, म्हणाले. जर्मन जा, म्हणजे ‘हो’, की मराठी जा, ते कळलं नाही. यांची भाषा हल्ली फारच सरमिसळ झाली आहे.

१८ एप्रिल, सोमवार

नवी कल्पना सुचली. चैत्र आहे. ऊर्मिलाने चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं आणि बायकांना घरी बोलवायचं. पक्ष नाही, चिन्ह नाही, तर निदान कैरीची डाळ तरी हवी.

फोन केला. ती म्हणाली, ताई, मी कशी करणार. मी म्हटलं, तिथे तुला कोण विचारतंय. ती म्हणाली, बघते, आठ-दहा जणींना सांगते.

नंतर भाजी चिरताना वाटलं, असं पटकन बोलायला नको होतं. विलासराव दर चैत्रात कैऱ्या किसून द्यायचे, आणि थोडी डाळ आपल्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायचे. पण कॅम्पेनमध्ये पटकन बोलावं लागतं.

२१ एप्रिल, गुरुवार

आठ-दहाने निवडणूक होत नसते. तीन दिवसांत सत्त्याण्णव जणींना आमंत्रण दिलं. रविवारी चार वाजता, ऊर्मिलाच्या घरी, पत्ता अमुक. या ओळींवर कोणीच फोन ठेवला नाही. खायला आहे म्हटल्यावर पत्ता दोनदा विचारतात, हे जगात सगळीकडे सारखंच.

ऊर्मिलाला कळवायचं राहिलं. तिला आनंदाचा धक्का बसेल.

फ्राउ केसलर पुन्हा आल्या. रोज चार वाजता तुम्ही कोणाला ओरडता, म्हणाल्या. परदेशी फोन आहे, जरा मोठ्याने बोलावं लागतं, असं सांगितलं. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, परदेशात ऐकू गेलं असेल.

२५ एप्रिल, सोमवार

ऊर्मिलाचा फोन. ओरडायलाच केला होता. त्रेपन्न माणसं आली, त्यात अठरा पुरुष. रस्ताभर गाड्या लागल्या. समोरच्या घरातून एक माणूस टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, आय अ‍ॅम सो सॉरी, कोण गेलं? ताई, तू सांगायचं तरी, माझ्याकडे दोन वाट्या डाळ भिजवलेली होती.

पण मग तिचा आवाज खाली आला. शेजारच्या डोलोरेसबाई, सत्तरीच्या, मेक्सिकन घरातल्या. गर्दी पाहून त्या मागच्या दाराने आल्या आणि विळी नाही म्हणून स्वतःच्या सुरीने पंधरा कैऱ्या चिरल्या. कैरी आणि तिखटमीठ हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पन्हं बादलीत केलं. कोणीतरी विचारलं, कपाळाचं हे अ‍ॅश वेन्सडेला चर्चमध्ये राख लावतात तसं का? साधारण तसंच, पण यात कोणी दुःखी व्हायचं नसतं, असं ऊर्मिलाने सांगितलं. भिजवलेले हरभरे सगळ्यांनी तिथेच खाऊन टाकले.

शेवटी डोलोरेसबाईंनी तिच्या हातातला कुंकवाचा करंडा घेतला. तुला कोणी लावलं, विचारलं. ऊर्मिला म्हणाली, आमच्यात नवरा गेल्यावर लावत नाहीत. डोलोरेसबाई म्हणाल्या, माझाही गेलाय, मला तर तू आत्ता लावलंस. आणि लावलं.

हे सांगून ऊर्मिला थांबली. मी विचारलं, त्रेपन्नपैकी पक्की मतं किती?

तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

२८ एप्रिल, गुरुवार

शिवांगीने एश्बॉर्नहून ऑफिसातून फोन केला. माझी मुलगी कामाच्या वेळेत फोन करत नाही, म्हणून आधी घाबरले. म्हणाली, आई, तू अमेरिकेत लोकांना फोन करतेस का? मी म्हटलं, थोडेफार. किती? म्हटलं, साडेतीनशेच्या वर. ती म्हणाली, आई, तू कॉल सेंटर आहेस.

प्रकरण असं: तिथल्या एका पेपराच्या वेबसाइटवर बातमी आली आहे की लायब्ररी वाचवायला निघालेल्या उमेदवाराने आपला प्रचार भारतातल्या कॉल सेंटरला दिला. एकूण चाळीस-पन्नास एजंट असावेत असा अंदाज. एका मतदाराने सांगितलं, फार नम्र बाई होती, प्रिंटरही दुरुस्त केला, पण अमेरिकन नोकऱ्यांचं काय? मोटारींचं दुकान असलेले दुसरे एक उमेदवार म्हणाले, माझा प्रचार इथलीच माणसं करतात.

चाळीस-पन्नास एजंटांचं काम मी एकटीने केलं, हे शिवांगीच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, मावशीला फोन कर. म्हणजे, फक्त मावशीला.

२९ एप्रिल, शुक्रवार

ऊर्मिला शांतपणे बोलली. ती ओरडते तेव्हा बरं असतं.

ताई, मी यादी स्पेलिंगला दिली होती, म्हणाली. मी म्हटलं, तीन चुका सापडल्या, सांगायच्या राहिल्या. ती म्हणाली, मी लायब्ररीचं बोलायला उभी राहते आणि लोक बंगलोरचं विचारतात. लायब्ररीत पोरं बसायला येतात, त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, म्हातारे पेपर वाचायला येतात, त्यांच्या घरी कोणी नाही. मला तेवढंच सांगायचं होतं. आता तेवढंच सोडून सगळं विचारतात.

मी सॉरी म्हटलं. सिस्टर बर्नाडेटना म्हणायचे तसं, उभं राहून. फोनवर दिसत नाही, पण उभी होते.

संकल्प: फोन बंद. (मिस्टर हेन्स्लींचा धरायचा नाही, ते मतदार नाहीत.)

३ मे, मंगळवार

काल तिथे सगळ्या उमेदवारांची जाहीर सभा झाली. मोटारवाल्यांनी विचारलं, तुमच्या परदेशी कॉल सेंटरमध्ये किती लोक कामाला आहेत? ऊर्मिला म्हणाली, एक. माझी थोरली बहीण. मी तिला कामावर ठेवलेलं नाही, त्यामुळे काढूनही टाकता येत नाही. म्हणे सगळा हॉल हसला. मग तिला तीन मिनिटांऐवजी सहा मिनिटं मिळाली आणि ती पूर्ण वेळ लायब्ररीवर बोलली.

थोडक्यात, मोहिमेतलं सर्वांत मोठं यश माझ्या नावावर. यांना सांगितलं. हे म्हणाले, सहा मिनिटं मिळाली ना, आता तू गप्प बस.

७ मे, शनिवार. मतदान.

सकाळी गणपतीपुढे बसले. ऊर्मिला जिंकू दे म्हटलं. दोनदा म्हटलं.

मग वेळ जाईना म्हणून पुण्याच्या फ्लॅटच्या नकाशावरून खिडक्यांची मापं काढली. शेजारच्या फ्लॅटचीही काढली. नुसती काढून ठेवली.

८ मे, रविवार

सकाळी आठला शिवांगीचा फोन. मदर्स डेच्या शुभेच्छा, आणि मावशी सातवी आली. एक हजार नऊशे सहा मतं. पहिल्या दोघांमध्ये जूनला पुन्हा निवडणूक, त्यात मोटारवाले आहेत.

ऊर्मिला उठेपर्यंत वाट बघायची होती. तीन वाजता फोन केला. तिचं भरपूर सांत्वन केलं. ती फारशी बोलली नाही. स्वाभाविक आहे.

शेजारच्या फ्लॅटच्या हॉलला फिकट पिवळे पडदे छान दिसतील. तिच्या आवडीचा रंग.

११ मे, बुधवार. अक्षय तृतीया.

ऊर्मिलाचा फोन. चैत्रगौर उठवली, म्हणाली. घरी सात-आठ जणी होत्या. आता दर मंगळवारी जमतात. दोन्ही उमेदवारांना त्यांनी बोलावून घेतलं, आणि दोघांनीही लायब्ररी निदान आठवड्यातून तीन दिवस उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. एक हजार नऊशे सहा मतांना आता भाव आला आहे. जूनपर्यंत घरोघर जाऊन पाठिंबा मिळवायचा आणि त्या दोघांकडून ते लेखी घ्यायचं आहे.

मी म्हटलं, छान, म्हणजे जूननंतर तू मोकळी.

ती म्हणाली, ताई, रविवारी तू फोन केलास, तेव्हा तुझं पहिलं वाक्य आठवतं का?

मी म्हटलं, अरेरे म्हणाले असेन.

ती म्हणाली, नाही. तू म्हणालीस, मग डिसेंबर पक्का ना?

ती रागावली नव्हती. हसतच होती. म्हणाली, मला माहीत होतं गं, पहिल्या दिवसापासून. तू मला पाडण्यासाठी फोन करत होतीस असं नाही. पण मी पडले तर तुला गोड लागणार होतं, एवढंच. आणि तुझ्याच हळदीकुंकवाने घोटाळा केला बघ. विलास गेल्यापासून या घरात पहिल्यांदा माणसं आली, ती तू बोलावलेली. आता त्यांना सोडून मी कुठे येऊ?

मग म्हणाली, मी येत नाही, ताई. तू ये की महिनाभर. फक्त फोनला हात लावायचा नाही.

हे बाहेर गेले होते, ते आले. माझं तोंड पाहून चहा टाकला. विनोद केला नाही.

रविवारचं पान पुन्हा वाचलं. सांत्वन केलं असं लिहिलं आहे. मी ही वही फक्त स्वतःसाठी लिहिते, आणि त्यातही मी खोटं लिहिलं. सिस्टरना हे आवडलं नसतं.

१५ मे, रविवार

नागेश यांना पुण्याला फोन केला. बहीण येत नाही, शेजारचा फ्लॅट सोडून द्या, म्हटलं. काही हरकत नाही मॅडम, म्हणाले, गिऱ्हाईक तयारच आहे. एक रिटायर्ड बाई आहेत, नाशिकच्या. एकट्याच असतात. स्वभावाने बऱ्या आहेत, पण रोज संध्याकाळी फोन करतात आणि अर्धा-अर्धा तास सोडत नाहीत. आमच्या ऑफिसातली मुलं आता त्यांचा नंबर दिसला की उचलत नाहीत. तुम्हाला शेजारी चालतील ना?

मी म्हटलं, अशी बाई शेजारी म्हणजे जरा कठीणच आहे.

त्या बाईंचा नंबर मात्र मागून घेतला. इथे चार वाजले की नाशिकला साडेसात होतात.